हात लावू नकोस!

टेलिफोन एक्स्चेंजमधली, पावसाळ्यातली रात्रपाळी होती. १९८ वर, म्हणजे फोनच्या तक्रारींच्या नंबरावर, तक्रार आली ती शेजाऱ्यांच्या फोनवरून. नारायण पेठेतल्या एका डॉक्टरांचा फोन अडकला होता. कॉल आला, पण पलीकडून बोलणं नाही. रिसिव्हर ठेवून परत उचलला, तरी तोच कॉल. "कुणीतरी कण्हतंय हो," डॉक्टर म्हणाले.

आमचं एक्स्चेंज तेव्हा स्ट्रोजर पद्धतीचं, म्हणजे डायलच्या ठोक्यांवर आपोआप कॉल जोडणारं. अल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेत अंत्यविधीचा व्यवसाय करणारा माणूस, त्याला १८९१ मध्ये याचं पेटंट मिळालं. यात कॉल करणाऱ्याने फोन ठेवल्याशिवाय जोडणी सुटत नाही, दुसऱ्याने कितीही आपटला तरी. असे अडकलेले कॉल म्हणजे आमच्या भाषेत 'सीएसएच' (कॉल्ड सबस्क्रायबर हेल्ड). सिलेक्टर, म्हणजे कॉल जोडून धरणारं यंत्र, हाताने सोडला की काम झालं. नवा मुलगा त्यासाठी शिडीवर चढलाही होता. मी खालून ओरडलो, "हात लावू नकोस!"

डॉक्टरांची लाइन सुटली असती, पण कण्हणारा माणूस कोण, हे मग कधीच कळलं नसतं. त्या एक्स्चेंजमध्ये कॉलचा रस्ता डोळ्यांना दिसायचा. डायल परत फिरताना सर्किट सेकंदाला साधारण १० वेळा तुटतं-जुळतं. ४ फिरवला की चार ठोके, शून्याचे दहा. ठोक्यागणिक सिलेक्टरचा दांडा एकेक पायरी चढतो, मग त्या लेव्हलवर आपणच आडवा फिरून पुढचा मोकळा सिलेक्टर धरतो. आमच्या पाच आकडी नंबरातले पहिले तीन आकडे असे तीन सिलेक्टर घ्यायचे. उरलेले दोन फायनल सिलेक्टरचे: दहा लेव्हल, प्रत्येकीवर दहा संपर्क, शंभरातली नेमकी एक लाइन. कॉल सुटेपर्यंत हे सगळे दांडे जागेवर उभे राहतात.

म्हणून उलटं चालत निघालो. डॉक्टरांच्या नंबरावर उभा असलेला फायनल लगेच सापडला. त्याच्याकडे येणारी तार फ्रेमवर बघायची आणि तिच्या संपर्कावर टेकलेला मागचा सिलेक्टर शोधायचा. खरी कसोटी तिथेच होती, कारण तोच संपर्क कितीतरी सिलेक्टरांना समाईक असतो. आम्ही दोघं टॉर्च घेऊन रॅकच्या दोन टोकांकडून निघालो. आजूबाजूला बाकीच्या शहराचे कॉल खडखडत चढत-उतरत होते. तिसरा मिळाला, दुसरा, पहिला, शेवटी युनिसिलेक्टर, म्हणजे कॉल करणाऱ्याच्या लाइनचा स्वतःचा सिलेक्टर. त्यावरून नंबर.

नंबर ऐकताच डॉक्टर म्हणाले, "अहो, हे माझेच पेशंट! एकटेच राहतात," आणि तडक निघाले.

दार तोडावं लागलं. आजोबांना त्याच रात्री ससूनला हलवलं आणि ते वाचले. त्यानंतर आमच्या पाळीत सीएसएच सोडण्याआधी टेस्ट फोन लावून लाइन ऐकायची, असं मी ठरवूनच टाकलं.