तुम्ही विचारलंत म्हणून: बंद मागाची मिनिटं

'वडील सातवी शिकलेले, त्यांनी सोळा मागांचे अठ्ठेचाळीस केले. तुम्ही पुण्याहून एमबीए करून आलात आणि चोवीसवर आणलेत. असं कसं?' लग्नात, बँकेत, सोलापुरात अक्कलकोट रोडवर चहाच्या गाड्यापाशी, सगळीकडे हेच. मी सुताचे भाव सांगतो, विजेचं बिल सांगतो. खोटं काहीच नसतं त्यात. पण शेजारच्या कारखान्यालाही सूत त्याच भावानं मिळतं.

तर ऐका. आल्या आल्या मी फळा लावला: कुठला माग किती मिनिटं बंद आणि कुणामुळे, नावासकट. महिनाअखेरीला त्यावरून कपात. तीन महिन्यांत बंद मिनिटं निम्म्यावर आली. वडिलांना मी तो फळा कौतुकानं दाखवला. ते काही बोलले नाहीत.

मग निर्यातीची टॉवेलची ऑर्डर आली, गर्द निळा रंग. टॉवेलला दोन बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ लागतात: एक जमिनीचा, म्हणजे मूळ विणीचा, एक पाइलचा, म्हणजे वरच्या मऊ फासांचा. पाइलच्या बीमात दोन वेगळ्या लॉटचं, म्हणजे वेगळ्या खेपांचं सूत मिसळलं गेलं. कोऱ्या मालात ते डोळ्याला दिसत नाही, रंगात गेल्यावर दिसतं. डाइंगहून आलेला पहिला तागा उलगडला तर उभे पट्टे. दुसरा उलगडला, तेच. पाचव्यानंतर मी उलगडायचं थांबवलं. अकराशे किलो माल, पुढे किलोवर, पडेल भावात गेला.

वार्पिंगवर, म्हणजे बीम भरायच्या मशीनवर, सुताचे कोन लावणाऱ्या अक्का कोपऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला दिसलं होतं. काही कोनांच्या आतला पुठ्ठा निराळा होता."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर मशीन थांबतंय की ओ. थांबलं तर फळ्यावर नाव येतंय."

यावर मी काय केलं? त्यांच्यावरच ओरडलो. सगळ्यांसमोर. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गंमत बघा, साकिची टोयोडांचा 1924 चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढे टोयोटाच्या गाड्यांच्या कारखान्यात कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा मिळाली, तिचं मूळ त्या मागात आहे. मी परीक्षेत यावर चार पानं लिहिली होती. मागाचाच धंदा आमचा, आणि माणूस थांबला की मी त्याचं नाव लिहीत होतो.

म्हणजे वडिलांचं बरोबर होतं? तेही ओरडायचे, माझ्यापेक्षा जास्त. पण माग थांबवला म्हणून कुणाचा पैसा कापल्याचं मला आठवत नाही. लोक त्यांना येऊन सांगायचे. मात्र त्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर त्यांची उचल होती. ती माया होती की कर्ज? मी उचल बंद केली, जुनी माफ केली, तेव्हा नऊ जण महिन्याभरात दुसरीकडे गेले. यातून काय समजायचं, मला अजून कळलेलं नाही.

अक्का त्यानंतर वर्षभर होत्या. केबिनपर्यंत कधी आल्या नाहीत.

फळा काढला, कपातही बंद केली. गेल्या आठवड्यात एक माग चाळीस मिनिटं बंद होता. विचारलं तर "बघायलोय ओ," एवढंच. मी काही न बोलता केबिनमध्ये आलो. चाळीस मिनिटं मात्र वहीत लिहून ठेवली.