थांबायला दीड मिनिट घेणारा टॉमकॅट

मे महिन्यातील रात्र होती. नागपुरातील परसोडीच्या आयटी पार्कमधील कार्यालयात, कूलरच्या घरघरीत मी एका जावा अ‍ॅप्लिकेशनची नवी आवृत्ती टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चढवत होतो. सेवा रिस्टार्ट करण्याची कमांड दिली आणि टर्मिनल गप्प झाले ते थेट दीड मिनिटाने बोलले. हा आकडा योगायोगाचा नव्हता, कारण सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) आधी १५ क्रमांकाचा सिगटर्म, म्हणजे थांबण्याचा संकेत, पाठवतो, मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंद वाट पाहतो आणि तरीही प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) जिवंत असेल तर ९ क्रमांकाच्या सिगकिलने तिला सक्तीने संपवतो.

ही मुदत १० सेकंदांवर आणावी, असे सहकाऱ्याने सुचवले. त्यामुळे आमची प्रतीक्षा वाचली असती, पण प्रोसेसचा मुडदा पडणे चुकले नसते.

माझा पहिला संशय नॉन-डीमन थ्रेडवर, म्हणजे स्वतः संपेपर्यंत प्रोग्राम बंद होऊ न देणाऱ्या समांतर कामांवर, होता आणि तो चुकीचा ठरला. ८००५ या पोर्टवरून टॉमकॅट थांबवला, तर असे थ्रेड जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) अडवून धरतात. सिगटर्म मिळाल्यावर मात्र शटडाउन हुक (बंद होताना चालणारा कोड) संपले की जेव्हीएम उरलेल्या थ्रेडसाठी थांबत नाही. म्हणजे हुकच अडकला असणार. त्या ९० सेकंदांतच, कोणता थ्रेड कुठे थांबला आहे ते दाखवणारा जेस्टॅक चालवला (तो टॉमकॅटच्याच यूजरने चालवावा लागतो, हे मी दर वेळी विसरतो) आणि चित्र स्पष्ट झाले. टॉमकॅटचा हुक आमच्याच लिसनरमध्ये (बंद होताना टॉमकॅट बोलावतो त्या कोडमध्ये) थांबला होता, लिसनर थ्रेड पूल (कामांसाठी राखलेला थ्रेडचा संच) रिकामा होण्याची वाट पाहत होता आणि पुलातील एक थ्रेड एसएमएस सेवेच्या उत्तरासाठी सॉकेट (नेटवर्क जोडणी) वाचत बसला होता. जावाच्या साध्या एचटीटीपी जोडणीत रीड टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) मुळात शून्य असतो आणि तेथे शून्याचा अर्थ अनंत असा होतो. थ्रेडला इंटरप्ट, म्हणजे काम सोडण्याची सूचना, पाठवूनही असे वाचन सहसा सुटत नाही, त्यामुळे पूल सक्तीने बंद करण्याची सूचना एकटी पुरली नसती.

मी रीड टाइमआउट १० सेकंदांचा ठेवला आणि पुलासाठी थांबण्याला २० सेकंदांची मर्यादा घातली. त्यानंतर सेवा वेळेत थांबू लागली, मात्र स्टेटसमध्ये लाल अक्षरांत 'फेल्ड' दिसू लागले. सिगटर्मने थांबलेला जेव्हीएम १४३ हा एक्झिट कोड (संपताना कळवलेला क्रमांक) देतो, म्हणजे १२८ अधिक १५, आणि सिस्टमडी त्याला अपयश समजतो. सिस्टमडीच्या यूनिट फाइलमध्ये (सेवेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) १४३ हा यशाचा कोड म्हणून नोंदवला आणि मगच दिवे मालवले.