सगळे घशाकडे बघत होते

सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेला पेशंट, बीपी ८० वर, हिमोग्लोबिन घसरलेलं. एवढं ऐकलं की सगळे अन्ननलिकेकडे धावतात. कवठेमहांकाळकडचे हे आण्णाही सांगलीला आले ते दुसरीकडे एंडोस्कोपी उरकून. व्हेरिसेस, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, होत्या, फुटलेली एकही नाही. रक्ताची उलटी नाही, काळी शौच नाही. पोट मात्र पहाटे एकदम दुखून तट्ट फुगलेलं. चिठ्ठीवर ‘जुनं जलोदर’. लिहिणाऱ्यानं पोटाला हात तरी लावला होता का, कोण जाणे.

जलोदराचं पाणी सोनोग्राफीत स्वच्छ काळं दिसतं. हे धुरकट होतं आणि लिव्हरच्या उजव्या कडेला गुठळीचा थर. सुई घातली, गडद लाल रक्त आलं. ‘शीर लागली असेल, सर,’ रेसिडेंट म्हणाला. साध्या बल्बमध्ये, म्हणजे गोठू न देणारं औषध नसलेल्या नळीत, ठेवून वाट पाहिली. शिरेतलं ताजं रक्त गोठतं. पोटात सांडून राहिलेलं सहसा गोठत नाही. हे गोठलं नाही. सिरॉसिसमध्ये गोठण्याचीच बोंब, त्यामुळे एवढ्यावर विसंबायचं नसतं. रक्त चढवत चढवतच सीटी केला. लिव्हरच्या उजव्या लोबच्या (भागाच्या) पृष्ठभागावर फुटलेली गाठ, आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे शिरेतून दिलेला डाय धमन्यांत असतानाच, तो तिच्यातून बाहेर झिरपताना दिसला.

असल्या लिव्हरवर तातडीनं सुरी चालवायला सर्जन नाखूष होते, बरोबरच होते. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, २.७. तीनच्या पुढे गेलं की एम्बोलायझेशननंतर, म्हणजे गाठीची धमनी आतून बंद केल्यावर, लिव्हर बसायची भीती फार. पण पोर्टल व्हेन, आतड्यांकडून लिव्हरला येणारी मोठी शीर, मोकळी होती, आणि सगळी भिस्त तिच्यावर. लिव्हरला पाऊण रक्त तीच पुरवते. गाठ मात्र हिपॅटिक आर्टरीवर, लिव्हरच्या धमनीवर, पोसते. जांघेतून शिरून मायक्रोकॅथेटर थेट गाठीच्या फांदीत नेला, जेलफोमचे, म्हणजे विरघळणाऱ्या स्पंजचे, बारीक तुकडे डायमध्ये कालवून हळूहळू सोडले. घाई केली की ते उलटे वाहून निरोगी भागात जातात. झिरप थांबली. बीपी टेबलावरच सावरलं.

बाहेर थोरला मुलगा भांडायच्या तयारीत. ‘साहेब, आण्णा माळकरी हायत. दारूचा थेंब घेतला नाही कधी. गाव काय म्हणंल?’ दारू नव्हेच, लिव्हर खराब करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. रक्तदान शिबिरात पूर्वीच सापडलेला. तेव्हा ‘रक्त चालणार नाही’ एवढंच सांगून घरी पाठवलेलं. सिरॉसिस झाल्यावर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, हेही कुणी सांगितलं नाही. गाठ लहान असताना दिसली असती, हे मला अजून सुटत नाही.

बिलिरुबिन पाचापर्यंत चढलं, मग उतरलं. आण्णा गोळ्या चालू करून घरी गेले. गाठ आहेच, पुढचं कोल्हापूरला विचारायचंय. मुलांचं रक्त तपासलं. धाकटा पॉझिटिव्ह निघाला. त्याला बोलावलंय. द्राक्षाची छाटणी झाल्यावर येतो म्हणाला.