घागरगडचा सुभेदार म्हणजे कोण?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या जो खेळ चाललाय त्याचं धड नाव अजून कुणी ठरवलेलं नाही, दादा त्याला 'थापाकोश' म्हणतो, आत्या 'तुमचं ते रविवारचं', आणि भाचा म्हणतो की इंग्लिशमध्ये याला फिक्शनरी म्हणतात आणि हा आपण शोधलेला नाहीये. ते खरंच आहे. दिवाणखान्यात बसून खेळायचा जुनाच खेळ आहे हा, १९८४ साली कॅनडातल्या लोकांनी तो बाल्डरडॅश नावाने डब्यात घालून विकायला काढला, आणि त्याच्याही आधी बीबीसीवर १९६५ पासून कॉल माय ब्लफ नावाचा असाच कार्यक्रम लागायचा. नियम अगदी सोपे. एकाने डिक्शनरीतून कुणालाच माहीत नसेल असा शब्द काढायचा, बाकीच्यांनी त्याचा खोटा अर्थ बनवून त्याला गुपचूप पाठवायचा, मग शब्द काढणारा सगळे खोटे अर्थ आणि त्यात मिसळलेला एक खरा असं वाचून दाखवतो आणि सगळे मत देतात. खरा ओळखला तर पॉइंट, तुमच्या थापेला कुणी भुललं तरी पॉइंट, आणि कुणालाच खरा ओळखता आला नाही तर शब्द काढणाऱ्याची चांदी.

आम्ही रविवारी रात्री जेवणं आटपल्यावर व्हिडिओ कॉलवर खेळतो. दादा-वहिनी कॅलिफोर्नियात म्हणजे त्यांची सकाळ, आत्या सदाशिव पेठेत, मी कोथरूडला, एक मैत्रीण नागपूरची आणि एक ऑफिसातला मित्र मूळचा बार्शीकडचा. अर्थ पाठवायचे शब्द काढणाऱ्याच्या पर्सनल व्हॉट्सॲपवर. गूगल करायचं नाही, हात कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत, हा नियम भाच्यासाठी केला होता पण सगळ्यात जास्त वेळा तो दादाला लागू करावा लागतो.

सुरुवातीला आम्ही इंग्लिश शब्द घेऊनच खेळायचो, पण त्यात मजा नव्हती कारण दादा आणि भाचा सोडून बाकी सगळे नुसते माना डोलवायचे. मग आत्याच म्हणाली अरे घरात एवढा मोल्सवर्थ पडलाय तो काय फुलं दाबून ठेवायला का. तर आमच्याकडे मोल्सवर्थच्या कोशाची १९७५ साली इथे पुण्यातच पुन्हा छापलेली प्रत आहे, आजोबांनी घेतलेली, आणि खरंच तिच्यात पिंपळाची पानं निघाली ते सोडा. मूळ कोश १८३१ चा, दुसरी वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला ऑफिसर, त्याने कँडी बंधू आणि बऱ्याच शास्त्रीमंडळींना हाताशी धरून हे काम केलं. ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांच्यासाठी शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर अख्खा कोश फुकट आहे. तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे, १९३२ ते १९३८ मध्ये पुण्यातून निघालेले सात खंड आणि १९५० ची पुरवणी. म्हणजे पुण्यात तयार झालेला कोश पुण्यातल्या पुण्यात बघायला आपण शिकागोला जातो. चालायचंच.

आता मला जे सांगायचंय ते असं, की इंग्लिशमध्ये खेळताना एक युक्ती हमखास चालते. जो अर्थ सगळ्यात रटाळ तो खरा, 'बोटीच्या शिडाला बांधायच्या दोरीचा एक प्रकार' असलं काही आलं की डोळे मिटून मत द्यावं. मराठीत हे गणित साफ उलटं पडतं. आपल्या कोशात जे खरं लिहिलेलं असतं तेच ऐकायला सगळ्यात मोठी थाप वाटतं आणि आपण बनवलेल्या थापा बिचाऱ्या शहाण्यासारख्या दिसतात.

घागरगडचा सुभेदार घ्या. मोल्सवर्थमध्ये आहे हा. मी काढला होता. थोडा वेळ सगळे गप्प, मग धडाधड मेसेज. वहिनीने लिहिलं की लग्नात मुलीकडच्या भांड्यांचा हिशोब ठेवणारा माणूस. नागपूरवालीने लिहिलं की ज्याचं पोट सुटलंय असा अधिकारी. दादाने मात्र कमाल केली, त्याने लिहिलं 'मावळातला एक पडका व निर्जळ किल्ला. तेथील नेमणूक ही शिक्षा समजत. त्यावरून, नावापुरता हुद्दा असलेला मनुष्य'. आता पुण्यात तुम्ही किल्ला म्हटलात की संपलं. सगळ्यांनी मतं तिथेच टाकली, आणि बार्शीवाला, जो दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतो, तो तर म्हणाला हो हो तो तिकोन्याकडून लांबवर दिसतो. दिसतो! खरा अर्थ मी वाचून दाखवला होता, 'पाणक्या', पण तो सगळ्यांनी हसून सोडून दिला, म्हणे एवढा पीजे कोशात कोण छापेल. पण छापलाय. घागर हाच गड आणि ती खांद्यावर वाहणारा त्याचा सुभेदार, असली चेष्टा कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी करत होतं आणि त्या साहेबाने ती इमानदारीत लिहून घेतली.

आत्याचं त्यावर वेगळंच सुरू झालं. ती म्हणाली पेठेत घरोघरी नळ नव्हते तेव्हा कात्रजच्या तलावातून नळाने पाणी हौदात यायचं ना, मग हौदावरून घरी कोण आणणार, पाणकेच. पेशव्यांच्या काळातली ती योजना, तलावापासून जमिनीखालून बांधून आणलेला नळ आणि पेठापेठांतून हौद. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद, आपण ही नावं रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती वापरतो. भाच्याला फडके हौद म्हणजे खरंच हौद हे नव्यानेच कळलं. तो डेक्कनला राहतो, त्याचं जाऊ द्या.

पासोडीच्या वेळी असंच. पासोड्या विठोबासमोरून आपण सगळेच हजार वेळा गेलोय, पण पासोडी म्हणजे काय विचारलं तर एक जण म्हणाला पसाभर धान्य, दुसरी म्हणाली पायातली चांदीची वस्तू, तिसऱ्याने तर पासोड्या नावाचा दरोडेखोरच उभा केला, म्हणजे तो विठोबाला शरण आला वगैरे पूर्ण कथा. खरं म्हणजे पासोडी हे जाडंभरडं दुहेरी पांघरूण, ते तिथे विकायला बसायचे म्हणून तो विठोबा पासोड्या. त्यानंतर भाच्याने हट्ट धरला की यापुढे पुण्यातल्या देवळांवरूनच शब्द काढा, पण खुन्या, उपाशी, जिलब्या, डुल्या यांच्यात ओळखायला काय उरतं, म्हणून तो ठराव पडला.

आता थाप मारायची कला. इथे दाते-कर्वे फार उपयोगी पडतात कारण त्यांचा कोश मराठीतून मराठी आहे आणि त्याची स्वतःची एक भाषा आहे. शब्दाच्या पुढे पु., स्त्री., न. असं लिंग, मग कंसात प्रांत, म्हणजे कोकणातला असेल तर (कों.), गोव्याचा (गो.), राजापूरकडचा (राजा.), वऱ्हाडातला (व.), मग अर्थ, एखादं उदाहरण, आणि शेवटी चौकटी कंसात शब्द कुठून आला ते, [सं.] किंवा [फा.], आणि नुसत्या आवाजावरून आलेला असेल तर [ध्व.]. ही [ध्व.] म्हणजे ब्रह्मास्त्र आहे. अर्थ कितीही फालतू असू दे, शेवटी [ध्व.] ठोकून द्या, दोन मतं नक्की. दादा (राजा.) वापरतो कारण राजापूरचं आमच्यात कुणीच नाही. नागपूरवाली असल्यामुळे (व.) मात्र कुणी वापरत नाही, ती लगेच म्हणते 'आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही बाप्पा', आणि मग थाप जागच्या जागी मेलीच.

आणखी एक भानगड म्हणजे लिहिण्याच्या सवयी. वहिनी प्रत्येक वाक्याला 'वगैरे' लावते. भाच्याचे ऱ्हस्व-दीर्घ असे असतात की वाचणाऱ्यालाच हसू फुटतं. म्हणून शब्द काढणाऱ्याने सगळे अर्थ आधी आपल्या हाताने एकसारखे लिहून घ्यायचे आणि मगच वाचायचे असं ठरलं. मोल्सवर्थ इंग्लिशमध्ये असल्यामुळे त्याचा खरा अर्थ शब्द काढणाऱ्याला मराठीत आणावा लागतो आणि तिथे तो पकडला जातो, कारण मग तो अर्थ त्याच्याच बोलण्यासारखा ऐकू येतो. आत्या काढत असेल तर अजूनच सोपं, खऱ्या अर्थाशी आली की ती चष्मा वर सरकवते. हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाहीये, हा लेख तिला पाठवायचा की नाही ते बघू.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते ढालगज या शब्दावर. वहिनीची पाळी होती. ढालगज भवानी सगळ्यांनी ऐकलेली, त्यामुळे ती आधीच म्हणाली की तो अर्थ चालणार नाही, मूळचा सांगा. भाच्याने लिहिलं 'ढालीचा फुगवटा मोजण्याचे माप', का तर गज म्हणजे मोजायचा गज. हे भारी होतं, मी स्वतः त्याला मत दिलं. दादाचं ठरलेलं, '(राजा.) उतारावरील आडवा बांध', ढाळ वरून ढाल. मी लिहिलं होतं हत्तीच्या कपाळावर बांधायचं पितळी कवच. बार्शीवाल्याने काहीतरी कुस्तीतला डाव लिहिला. आणि खरा अर्थ होता फौजेच्या पुढे निशाण घेऊन चालणारा हत्ती. ढाल म्हणजे निशाण असाही एक जुना अर्थ आहे, तो कुणाच्या डोक्यातच आला नाही. मग माझं म्हणणं असं की मी हत्ती बरोबर धरला होता तर मला अर्धा पॉइंट पाहिजे, वहिनी म्हणाली अहो ताई कवच आणि निशाण एक आहे का, दादा त्याच्या बायकोच्या बाजूने (पहिल्यांदाच), आणि आत्या मध्येच म्हणाली की एवढा पुढे पुढे चालणारा हत्ती म्हणून पुढे पुढे करणारी बाई ती ढालगज, आणि तुम्ही दोघी आत्ता तेच करताय. पॉइंट मिळाला नाही.

थारोळं हा शब्द मात्र मला वाटतं सगळ्यांना चाटून गेला. पेपरात 'रक्ताच्या थारोळ्यात' सोडून तो कुठे भेटतो का? सगळ्यांनी आपले थारोळं म्हणजे डबकं, साचलेलं पाणी असं काहीतरी लिहिलं आणि बार्शीवाला म्हणाला थांबा, हे मला येतं, विहिरीवर मोट जिथे उपडी होते आणि पाणी पडतं ती जागा, आजोबांकडे होती. नियम असा की खरा अर्थ येत असेल तर तो गुपचूप पाठवायचा आणि पॉइंट घ्यायचे, पण त्याने मोठ्यानेच सांगून टाकलं त्यामुळे डाव रद्द. त्यावर त्याने मोट, नाडा, सोंदूर, धाव सगळं समजावून सांगितलं, बैल धावेवरून उतरताना मोट कशी वर येते ते हातवारे करून, आणि त्या रात्री खेळ काही पुढे गेला नाही. चांगलं झालं.

भाच्याला सगळ्यात आवडली ती वेगळीच माहिती. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या डिक्शनरीत डॉर्ड असा एक शब्द छापून आला होता, अर्थ घनता. असा शब्दच नाही. डेन्सिटीसाठी कॅपिटल डी किंवा स्मॉल डी वापरतात एवढंच सांगणारी चिठ्ठी होती, 'डी ऑर डी', ती कुणीतरी जोडून वाचली आणि शब्द म्हणून टाइपसेट झाली, १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात येईपर्यंत ती तशीच. आणि न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीवाल्यांनी २००१ मध्ये एस्क्विव्हेलियन्स नावाचा शब्द मुद्दाम बनवून आत सोडला, अर्थ काय तर जाणूनबुजून कामचुकारपणा, कारण कुणी त्यांची डिक्शनरी ढापली तर पकडता यावं. भाचा म्हणाला म्हणजे डिक्शनरीवाले पण हाच खेळ खेळतात. आता त्याला संशय आहे की दाते-कर्व्यांनीही कुठेतरी एक सोडला असणार आणि तो तोच शोधत बसलाय, सातही खंडांत. अकरावीचा अभ्यास सोडून, पण त्याच्या आईला मी काय बोलणार, कोश वाचू नको म्हणून मुलाला ओरडणारं घर पुण्यात तरी शोभत नाही. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा कोश चाललाय आणि ढीगभर खंड निघाले तरी गाडी 'अ'मध्येच आहे, तिकडे चिकटव याला असं दादा म्हणतो.

आत्याला खेळातून काढायचं का हा विषय अधूनमधून निघतो. तिला निळवं येतं (धान्याचं छोटं माप, बाकी सगळे निळ्या रंगावर घसरले होते), धाबं येतं (मातीचं सपाट छप्पर, हायवेवरचं नव्हे, म्हणून ते दणाणतं), ओगराळं, तसराळं, रोळी यांच्यातलं तर विचारूच नका. ती बिनबोभाट खरा अर्थ पाठवून पॉइंट घेते आणि वर स्वतःची एक थापही पाठवते, म्हणजे दोन्हीकडून कमाई. वहिनी म्हणाली हे नियमात बसत नाही, आत्या म्हणाली नियम दाखवा. लेखी नियम कुणाकडेच नाहीत.

या रविवारी शब्द काढायची पाळी वहिनीची आहे आणि तिने आधीच जाहीर करून टाकलंय की ती 'क्ष'मधून काढणार, म्हणजे आत्याची भांडीकुंडी आणि बार्शीवाल्याची मोट दोन्ही बाद. 'क्ष'ची पानं असून असून किती असणार, दादा ती गेले दोन दिवस ऑफिसात बसून वाचतोय असं वहिनीनेच मला कळवलं, आणि ती प्रत्यक्षात 'ढ' काढणार आहे.