सुई द्यायची राहिली

गळ्यात माळ नव्हती, पण पुण्यातून बाहेर पडेपर्यंत कपाळावर बुक्का लागलाच. मित्राच्या ओळखीने दिंडीत शिरलो, भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, भरली, नाव लिहिलं. विणेकऱ्याने आडनाव दोनदा विचारलं आणि गप्प बसला.

मी ख्रिस्ती. ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. आमच्या मंडळीतल्या एका काकांचा दिवेघाटात फोन आला, "त्याच पुलावरून तू परत निघालास की काय?" चढावर धाप लागली होती, नाहीतर चांगलं सुनावलं असतं.

सासवड, जेजुरी, वाल्हे. पालात शेजाऱ्याचं घोरणं, पहाटे तीनला टँकरपाशी भांडणं. टाळ मला नवा नाही, आमच्या भजनातही तोच असतो. पण इथे पाऊल चुकलं की मागचा खेकसायचा. अभंगाने डोळे भरून यावेत आणि तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा भोंगा.

नीरास्नान मी पाहिलंच नाही. पादुका नदीवर होत्या तेव्हा मी बाभळीखाली बसलो होतो, टाचेवर रुपयाएवढा फोड घेऊन. बूट काढला तर मोजा चिकटलेला. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग.

एक आजी थांबल्या. डोईवरची तुळस सावलीत ठेवली, कमरेच्या पिशवीतून सुई काढली. "ओव रं, मला दिसंना." मी दोरा ओवला. काडी पेटवून त्यांनी सुईचं टोक तापवलं, फोडातून आरपार काढलं, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावरून थेंबथेंब गळायला लागलं. मग लोट्यातलं पाणी पायावर ओतून त्यांनी चिखल चोळून काढला. मला लगेच योहानाचा तेरावा अध्याय आठवला, येशू शिष्यांचे पाय धुतो तो, आणि मी वैतागलो. जिथे तिथे शास्त्र शोधायची आमची खोड! बाई फक्त पाय धूत होती.

"माळ न्हाई ती?"

"मी येशूला मानतो, आजी."

"मंग हितं कसा?"

येशू कसा भेटला याची चारचौघांत साक्ष द्यायची मला सवय आहे. आधी अंधार, मग प्रकाश, शेवटी हालेलूया. पाच मिनिटांत बसते. माझा अंधार तसा बेताचाच, म्हणून दोनदा तर मी तो वाढवूनही सांगितलाय. पण सुई हातात धरलेल्या बाईला ते सांगवेना. जे खरं होतं तेच बोललो. भावाने माझे पैसे बुडवले. प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ आली की मी तोंड मिटून घ्यायचो. चार वर्षं. बायकोच्याही लक्षात आलं नाही. मग एका रविवारी ती ओळ तोंडातून निघून गेली. ठरवलं नव्हतं. बाहेर येऊन चप्पल शोधताना कळलं की आज आपण ती म्हटली. माझं येशूशी खरं काही सुरू झालं असेल तर तिथून. बाप्तिस्मा त्याआधी कितीतरी वर्षं झालेला.

"पैसं दिलं का त्यानं मंग?"

"नाही."

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. "लबाड हाय तुजा देव. आमच्यावानीच."

लांबून त्यांच्या दिंडीतल्या बायकांनी हाक मारली. तुळस डोईवर घेत म्हणाल्या, "दुसऱ्या पायालाबी उठंल बघ. सुई असू दे, उद्या दे. एकच हाय माजी."

दिंडीचा नंबर विचारायचा राहिला. रथामागची, एवढंच कळलं होतं. लोणंदला समाजआरतीत चोपदारांनी दंड उंचावला, टाळ थांबले, हरवल्या-सापडल्याचं पुकारलं गेलं. पाकीट, चष्मा, एक म्हातारा. सुईचं सांगायला पुढे झालो आणि लाजून मागे फिरलो.

मग तरडगाव, फलटण, माळशिरस, वाखरी. प्रत्येक तळावर तुळशी घेतलेल्या बायकांची तोंडं बघत फिरलो. एकीने हटकलंसुद्धा.

पंढरपुरात कळस पाहिला आणि एसटी धरली. सुई शर्टाच्या खिशाला आतून टोचून ठेवली होती. दोराही तसाच, काळा, वीतभर उरलेला.