ब्रेच्या मासळीवाल्याचा मुलगा

मुलीच्या बाळंतपणासाठी 2023 साली मी तीन महिने आयर्लंडला होते. ती तिथे नर्स आहे. डब्लिनच्या दक्षिणेला, समुद्राला लागून ब्रे नावाचं गाव आहे, तिथे राहते. गाव मला लगेच आवडलं. एका टोकाला डोंगर, खाली लांबच लांब किनारा आणि शहरात न्यायला आगगाडी. फक्त वारा आपला नव्हे. आपल्याकडचा वारा अंगाशी बोलतो, तिथला अंगातून आरपार जातो.

एकदा मेन स्ट्रीटवरून जाताना मी जावयांना विचारलं, इथे ताजी मासळी कुठे मिळते? ते म्हणाले, "आई, याच रस्त्यावर पूर्वी एक मासळीवाला होता. त्याचा मुलगा देशाचा सरन्यायाधीश झाला आणि पुढे राष्ट्राध्यक्ष."

म्हापशाच्या कोर्टात 28 वर्षं दुभाषी म्हणून काढलेल्या बाईला एवढं सांगून सोडून देता येत नाही. त्या रात्री नातू झोपल्यावर मी वाचायला बसले, आणि अजून वाचतेच आहे.

त्यांचं नाव कॅरवल ओ दाला. लिहिताना यात इतकी अक्षरं असतात की निम्मी उच्चारात येतच नाहीत. मुलीने मला तीनदा म्हणून दाखवलं तेव्हा कुठे जमलं. जन्म 12 फेब्रुवारी 1911. वडिलांना राजकारणात रस नव्हता, दुकान बरं आणि आपण बरं. मुलगा मात्र डब्लिनला शिकायला गेला आणि आयरिश भाषेच्या प्रेमात पडला. वॉटरफर्डच्या किनाऱ्यावर रिंग नावाचं आयरिशभाषी गाव आहे. तिथे भाषा पक्की करायला गेले असताना त्यांना त्यांची होणारी पत्नी भेटली. पुढे ती जुन्या आयरिशची मोठी अभ्यासक झाली. हे स्वतः वर्तमानपत्राच्या आयरिश मजकुराचे संपादक होते आणि त्याच काळात वकिलीही शिकत होते. 1934 मध्ये सनद मिळाली, 35व्या वर्षी देशाचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. मध्ये दोनदा संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले, दोन्ही वेळा पडले. 1953 मध्ये, 42व्या वर्षी ते सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून गेले.

भाषेचा धागा मला सोडवत नाही, कारण माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं. पेडण्याचा म्हातारा मुंडकार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या कोकणीत सांगायचा की भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, विहिरीची वाट बंद केली. मी ते इंग्रजीत सांगायची आणि कागदावर इंग्रजीच उतरायचं. घरचा दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये, देवळाचा हिशेब मराठीत, आणि जबानी मात्र इंग्रजीत. त्या म्हाताऱ्याचा 'आमगेलो', म्हणजे 'आमचा', मी इंग्रजीत कसा नेणार होते? न्यायचा प्रयत्न मात्र रोज केला. म्हणून आयर्लंडच्या 1937च्या राज्यघटनेतली एक गोष्ट वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. घटनेच्या आयरिश आणि इंग्रजी मजकुरात फरक पडला तर आयरिश मजकूर खरा धरायचा, असं त्या घटनेतच लिहिलेलं आहे. देशात बहुतेक लोक इंग्रजीच बोलतात, आणि तरीही. अशा देशात जो माणूस दोन्ही मजकूर सारख्याच सहजपणे वाचतो तो न्यायाधीश म्हणून कसा असेल, याची कल्पना माझ्यासारखीला करता येते.

डिसेंबर 1961 मध्ये ते सरन्यायाधीश झाले. त्याच महिन्यात इकडे गोवा मुक्त झाला. आणखी गंमत म्हणजे त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती 19 डिसेंबर 1974 रोजी, आपल्या मुक्तिदिनी. योगायोगच आहे. पण आता दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदनाला उभी राहते तेव्हा मला ब्रेचा तो रस्ता आठवतो.

त्यांच्या कोर्टातले दोन खटले मी पुन्हा पुन्हा वाचले.

पहिला क्विन नावाच्या माणसाचा. इंग्लंडहून आलेल्या वॉरंटवर त्याला डब्लिनमध्ये पकडलं होतं. वॉरंटमध्ये दोष निघाला म्हणून तो सुटला. सुटून बाहेर पडतो न पडतो तोच दुसरं वॉरंट दाखवून पोलिसांनी त्याला पुन्हा धरलं, गाडीत कोंबलं आणि सरळ सरहद्दीपलीकडे नेलं. त्याच्या वकिलाला कोर्टाची पायरी चढायलासुद्धा वेळ मिळू नये, हाच बेत होता. ज्या 1851च्या कायद्याच्या आधारे हे केलं त्याचं ते कलम सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं, आणि कोर्टापर्यंत पोचण्याची वाटच बंद करणं हा कोर्टाचा अवमान मानला. ओ दालांच्या निकालाचा गाभा असा, की घटनेने नागरिकाला हक्क दिले ते कुणी युक्तीने बाजूला सारावेत म्हणून दिलेले नाहीत. कोर्टाच्या व्हरांड्यात मी वर्षानुवर्षं वावरले आहे. दार उघडं असलं तरी दारापर्यंतची वाट कशी अडवली जाते ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हा निकाल मला नुसता कायद्याचा वाटत नाही.

दुसरा खटला एका गृहिणीचा. नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायचा सरकारने कायदा केला. तिचं म्हणणं, माझ्या मुलांच्या पोटात काय जावं ते सरकारने का ठरवावं? 1965 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल ओ दालांनी वाचला, आणि बाई हरली. फ्लोराइडने अपाय होतो असं तिला सिद्ध करता आलं नाही. पण त्याच खटल्यात न्यायालयांनी मान्य केलं की आपलं शरीर अबाधित राहण्याचा हक्क माणसाला आहे, तो घटनेत शब्दात लिहिलेला नसला तरी. बाई हरली, पण हक्क मागे राहिला आणि पुढच्या कितीतरी जणांच्या कामी आला. दावा हरलेल्या बाईला कोर्टाच्या पायरीवर काय वाटलं असेल? मी अशा खूप बायका पाहिल्या आहेत. माझ्याच तोंडून त्यांना 'दावा फेटाळला' हे ऐकावं लागलं आहे.

1973 मध्ये आयर्लंड युरोपीय समुदायात गेलं आणि ओ दाला त्या समुदायाच्या न्यायालयावर लक्झेंबर्गला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष चाइल्डर्स अचानक वारले, तेव्हा सगळ्या पक्षांनी मिळून ओ दालांना बिनविरोध राष्ट्राध्यक्ष केलं.

आता 1976 साल. हे साल लिहायला मला वेळ लागतो.

त्या जुलैमध्ये डब्लिनजवळ सुरुंग लावून ब्रिटिश राजदूताला मारलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला संसदेने आणीबाणी जाहीर केली आणि एक विधेयक आणलं, की आरोप न ठेवता माणसाला सात दिवस कोठडीत ठेवता यावं. आधीची मुदत 48 तासांची होती. संसदेत मंजूर होऊन विधेयक सहीसाठी राष्ट्राध्यक्षांकडे आलं. तिथल्या घटनेच्या 26व्या कलमाने राष्ट्राध्यक्षांना एक अधिकार दिला आहे: शंका असेल तर सही करण्याआधी विधेयक सुप्रीम कोर्टाकडे पाठवायचं आणि हे घटनेत बसतं का ते विचारायचं. ओ दालांनी सल्लागार मंडळाशी बोलून ते पाठवलं.

कोर्टाने 15 ऑक्टोबरला सांगितलं, विधेयक घटनेत बसतं. त्याच रात्री ओ दालांनी सही केली. आणि त्याच रात्री माउंटमेलिकजवळ एका ओसाड घरात लावलेल्या बाँबने एका तरुण पोलिसाचा जीव घेतला.

तीन दिवसांनी, 18 ऑक्टोबरला संरक्षणमंत्री पॅडी डॉनेगन मलिंगारच्या लष्करी छावणीत गेले होते. तिथे सैनिकांसमोर त्यांनी, विधेयक कोर्टाकडे पाठवलं म्हणून, राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख अत्यंत अपमानकारक शब्दांत केला, आणि सैन्याने राज्याच्या पाठीशी उभं राहायला हवं असंही पुढे जोडलं. जणू राष्ट्राध्यक्ष राज्याच्या पाठीशी नाहीत. आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्ष हे सैन्याचे सरसेनापती असतात, म्हणजे मंत्री सरसेनापतीबद्दल त्यांच्याच सैनिकांना सांगत होते. एक स्थानिक वार्ताहर तिथे होता म्हणून हे बाहेर आलं. मंत्र्यांनी माफी मागितली, राजीनामाही पुढे केला. पंतप्रधान कॉसग्रेव्ह यांनी तो घेतला नाही. संसदेत मंत्र्यांविरुद्धचा ठराव पाच मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी, 22 ऑक्टोबरला, ओ दालांनी राजीनामा दिला. कारण दिलं ते असं, की स्वतःच्या सचोटीसाठी, आणि राष्ट्राध्यक्षपद नावाच्या संस्थेची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य जपण्यासाठी.

बहुतेक जण ही गोष्ट अपमान आणि राजीनामा एवढीच सांगतात. मला त्याआधीचं जास्त महत्त्वाचं वाटतं. कोर्टाने विधेयक मान्य केलं खरं, पण मान्य करताना त्याला कुंपणही घातलं. अटक झालेल्या माणसाचा वकील मिळण्याचा, डॉक्टर मिळण्याचा, कोर्टाकडे दाद मागण्याचा हक्क या कायद्याने जात नाही, असं निकालात लिहिलं गेलं. फ्लोराइडवाल्या बाईसारखंच झालं. ओ दालांच्या शंकेवर कोर्टाचं उत्तर त्यांच्या विरुद्ध गेलं. पण त्यांनी विचारलं नसतं तर त्या दिवशी त्या ओळी कुणी लिहिल्या असत्या?

हे मी एवढं तळमळीने का लिहिते आहे ते आता सांगते.

आमचे भाईकाका पेडण्याला शाळामास्तर होते. 1975च्या डिसेंबरात एका पहाटे त्यांना घरातून नेलं. मी तेरा वर्षांची होते. चुलीवर पेज होती आणि काकू हातात डवली घेऊन दारात तशीच उभी राहिली, एवढं मला स्वच्छ आठवतं. माझे वडील म्हापशाला एका वकीलबाबांकडे गेले. ते मिसाचे, म्हणजे खटला न चालवता माणसाला स्थानबद्ध करता येणाऱ्या कायद्याचे, दिवस होते. काही दिवस भाईकाका कुठे आहेत हेसुद्धा कळलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये, 28 तारखेला, आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी हायकोर्टात जाता येणार नाही. पाचपैकी चार न्यायमूर्ती एका बाजूला आणि न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध. वकीलबाबांनी वडिलांना निरोप पाठवला, "आता अर्ज करून उपयोग नाही." त्याआधी 25 जून 1975च्या रात्री आपल्या राष्ट्रपतींपुढे आणीबाणीचा कागद आला होता, आणि त्याच रात्री त्यावर सही झाली होती. आपल्या राष्ट्रपतींनाही 143व्या कलमाखाली सुप्रीम कोर्टाचं मत विचारता येतं. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आपण आयर्लंडच्या घटनेवरून घेतली हे मी शाळेत पाठ केलं होतं. त्या रात्री तिथून विचारण्याची सवयही घेतलेली असती तर किती बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

खन्नांना पुढे सरन्यायाधीशपद डावललं गेलं आणि जानेवारी 1977 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ओ दालांच्या राजीनाम्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी. या दोघांचं एकमेकांशी कधी बोलणं झालं होतं का ते मला कुठे सापडलं नाही, पण माझ्या मनात ते शेजारी-शेजारीच बसलेले असतात.

राजीनाम्यानंतर ओ दाला केरीमध्ये, स्नीम नावाच्या लहानशा गावी जाऊन राहिले. 21 मार्च 1978 रोजी तिथेच गेले. परत निघण्याआधी आम्ही गाडी करून स्नीमला गेलो. मधून नदी, रंगवलेली घरं. चीनने त्यांच्या आठवणीसाठी दिलेला एक संगमरवरी पांडा तिथे आहे, नातवाला तो फार आवडला. मी स्मशानात जाऊन आले. पाऊस होता, तिथे असतोच. ब्रेच्या बाजारात घेतलेली पांढरी फुलं ठेवली आणि मराठीतच दोन वाक्यं बोलले. भाषेसाठी ज्याने एवढं केलं त्याच्यापुढे इंग्रजीत बोलणं मला बरं वाटलं नाही.

भाईकाका आता 88 वर्षांचे आहेत. दिसायला कमी झालंय, पण कान तल्लख आहेत. गेल्या महिन्यात पेडण्याला गेले तेव्हा त्यांच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून मी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत. 'सात दिवस' आलं तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला.

"किती?"

"सात."

बोटांवर काहीतरी मोजत राहिले. त्यांना पंधरा महिने ठेवलं होतं. काकूने आतून चहा आणला, कप त्यांच्या हातात नीट दिला आणि तीही बसली.

"तो वकिलाचा भाग परत वाच," भाईकाका म्हणाले. "वकील मिळेल, डॉक्टर मिळेल, तो. सावकाश वाच."