प्रश्न नको, शब्द दे

"शून्य निकाल." लेकीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बाबा, या डेटाबेसमध्ये काहीच नाहीये."

शाळेच्या लायब्ररीचं लॉगिन वापरून ती जेस्टोर या अभ्यास-लेखांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये शिरली होती. शोधपट्टीत अख्खा प्रश्न, प्रश्नचिन्हासकट: जगात मधमाश्या का कमी होत आहेत? तोही अवतरणचिन्हांत. म्हणजे हेच वाक्य जसंच्या तसं कुणीतरी छापलेलं असेल तरच सापडणार.

मीही पाचेक मिनिटं उगाच खटपट केली. (बापाला येत नाही हे कबूल करायला तेवढा वेळ लागतोच.) शेवटी तिने लायब्ररीच्या मॅडमना मेसेज केला. उत्तर एका ओळीचं: "त्याला प्रश्न विचारू नकोस, शब्द दे."

मग मधमाश्या 'अँड' कीटकनाशक. लेखांची रांग लागली. 'अँड'ने यादी आखडते, 'ऑर'ने पसरते, 'नॉट'ने नको ते गळतं. हे तर्कशास्त्र ज्या गणितज्ञ जॉर्ज बूलचं, तो 1864 सालीच गेला. कॉम्प्युटर त्याने पाहिलाही नाही.

नवे लेख मात्र कमीच दिसले. जेस्टोर 1995 साली सुरू झालं ते नियतकालिकांच्या जुन्या अंकांनी लायब्ररीतली कपाटं भरून गेली म्हणून, ते अंक डिजिटल रूपात ठेवायला. बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे काही वर्षांचे अंक तिथे नसतातच. ते दुसऱ्या डेटाबेसमध्ये शोधायचे.

मॅडमची ती ओळ मात्र रात्रीपर्यंत डोक्यात राहिली. हल्ली आपण यंत्राला पूर्ण वाक्यात विचारतो आणि ते पूर्ण वाक्यात उत्तर देतं. आपल्याला नेमकं काय हवंय, ते दोन शब्दांत सांगायची वेळ शेवटची कधी आली होती तुमच्यावर?